पक्का हात

औरंगाबाद, ६ ऑक्टोबर १९९६

मुकुंद,

सलाम. मागच्या पत्रात तू टोमणा मारलास की कमर मोठा माणूस झाला, त्याला दोन ओळी लिहायला फुरसत नाही. खरंच झालो मोठा माणूस! आता खुर्चीवर नीट बस आणि हे पत्र भानुमतीवहिनींनाही मोठ्यानं वाचून दाखव.

गेल्या आठवड्यात सिल्लोडला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं लग्न होतं. नान-खलियाची दावत, म्हणजे आमचा नान आणि मटणाचा रस्सा. पाच भट्ट्या लागल्या होत्या आणि शहागंजातले झाडून सगळे नानवाले तिथं हजर. आमची भट्टी तू पाहिली आहेस, जमिनीत खोदलेली. डोकं खाली घालून, छातीपर्यंत आत वाकून नान आतल्या भिंतीला थापायचा, आणि भाजला की सळईनं सोडवून काढायचा. त्या दिवशी माझी सळई कुठं गेली कोणास ठाऊक. मी तसाच उघडा हात आत घातला आणि नान काढत सुटलो. एक नाही, दोन नाही, घाण्यामागून घाणा काढला.

सरदारचाचा मागं उभे राहून बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, आमच्या सगळ्या नानवाल्यांचा चौधरी. त्यांनी विचारलं, "जलता नै क्या रे?" मी म्हटलं, "चाचा, कळतच नाय."

मुकुंद, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा साफा उतरवला आणि चाळीस नानवाल्यांसमोर माझ्या डोक्याला बांधला. आमच्यात आग ज्याला त्रास देत नाही त्या हाताला पक्का हात म्हणतात. अख्ख्या शहागंजात तो एकट्या चाचांचा होता. आता दुसरा माझा. माझ्या अब्बांनी जन्मभर भट्टी केली, त्यांचा हात मरेपर्यंत कच्चाच राहिला. साफा घालून घरी आलो तेव्हा त्यांची फार आठवण झाली.

आता एक बारीक गोष्ट. सहा महिने मान धरली आहे. मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत ठणका. पस्तीस वर्षं डोकं भट्टीत घातल्यावर दुखणारच म्हणा. पण इथं जो भेटतो त्याचा एक डॉक्टर आहे. हकीमसाहेब तेल देतात. चितेगावच्या कारखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. हाडाच्या डॉक्टरनं गळ्याला पट्टा दिला. तो घालून भट्टीत वाकता येत नाही, आणि गळ्यात पट्टा घातलेला उस्ताद कोणी पाहिलाय? तू तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या आजारपणाचे कागद तपासलेस. कोणत्या दुखण्याला कोणता डॉक्टर, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तू सांगशील त्याच्याकडं जातो.

पोलीस ॲक्शननंतर आपली उर्दू शाळा मराठी झाली, तेव्हा माझा हात धरून तू मला 'ळ' काढायला शिकवलंस. अजून तो वाकडाच येतो. सांभाळून घे.

तुझा
कमरोद्दीन

---

पुणे, १४ ऑक्टोबर १९९६

उस्ताद कमरोद्दीनसाहेब,

आता तुला अरेतुरे करायची भीती वाटते. तरी करतो, कारण तुझ्या पाटीवरची थुंकी मी पुसलेली आहे.

पत्र एकदा नाही, तीनदा वाचलं. भानुमतीला वाचून दाखवलं, मग सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या टोळक्याला सांगितलं. ही पुण्याची मंडळी कशाचं कौतुक म्हणून करत नाहीत. पण माझा बालमित्र उघड्या हातानं पेटत्या भट्टीतून नान काढतो म्हटल्यावर सगळ्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. माझी मूठभर छाती परातीएवढी झाली.

आता मानेचं. तू अगदी योग्य माणसाला विचारलंस. माझ्या हाताखालून हजारो कागद गेलेत, त्यामुळे हे माझ्याकडून लिहून घे. पोटाचं असेल तर पोटाचा डॉक्टर, कानाचं असेल तर कानाचा. मान म्हणजे हाड. पण हाडाचे डॉक्टर लोक आधी फोटो काढतात, मग पट्टा देतात, आणि पट्ट्यानं बरं वाटलं नाही की दुसरा पट्टा देतात. तेव्हा तू सरळ पाचोडला जा. तिथं बाजाराच्या दिवशी पुंजाराम पहिलवान बसतो. एकाहत्तर साली माझी कंबर धरली होती तेव्हा त्यानं एका हिसक्यात मोकळी केली, ती आजतागायत दुखलेली नाही. मान काय, त्याच्या डाव्या हाताचा खेळ. मुकुंद धारूरकरांनी पाठवलंय म्हणून सांग.

आणि तो साफा घातलेला फोटो पाठव. इथं भिंतीवर लावतो.

तुझा
मुकुंद

---

औरंगाबाद, ४ नोव्हेंबर १९९६

मुकुंद,

पाचोडला जाऊन आलो. तुझं नाव सांगितलं. पुंजारामला तू आठवत नाहीस, पण तुझी कंबर आठवते. खाली बसवलं, तेल चोळलं, आणि हनुवटी धरून असा हिसका दिला की मला शाळेतले सगळे मास्तर दिसले. दोन दिवस खरंच हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट झालं. तो म्हणतो, मुरलेलं दुखणं आहे, आणखी तीन बाजार यावं लागेल. पुढचा बाजार आला की जाणार आहे. तुझा शब्द आहे, मी अर्ध्यातून सोडणार नाही.

बाकी खुशाली. म्हातारपण आता दार वाजवतंय असं दिसतं. परवा भर शहागंजात पायातली चप्पल गळून पडली आणि मी दहा पावलं तसाच पुढं गेलो, मागून कोणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. सकाळी कुडत्याची बटणं मला लागत नाहीत, मेहरुन्निसा लावून देते. तिला म्हटलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नवरी मिळाली. ती हसली नाही. तिला हल्ली माझ्या कोणत्याच गोष्टीवर हसू येत नाही.

पण मोठी खबर वेगळीच आहे, आणि ती अजून चाचांनासुद्धा सांगितलेली नाही. माझा डावा हातही पक्का व्हायला लागलाय! दोन्ही हात पक्के असलेला नानवाला आमच्यात आजवर झालेला नाही. चाचांचासुद्धा एकच.

फोटो सगीराकडून काढून घेतलाय, सोबत पाठवतो. लेकीच्या हातात कॅमेरा होता म्हणून हसलोय, नाहीतर मी फोटोत हसत नाही.

तुझा
कमर

---

तार
पुणे, ९ नोव्हेंबर १९९६

पाचोडला जाऊ नका. मानेला कोणाचाही हात लागू देऊ नका. भट्टी बंद ठेवा. पत्र येत आहे. मुकुंद

---

पुणे, ९ नोव्हेंबर १९९६

प्रिय कमर,

तार मिळाली असेल आणि तू घाबरला असशील. घाबर. मीही घाबरलो आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात फराळाची घाई चालू होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नेहमीसारखं मोठ्यानं वाचत होतो. उमा चकल्या पाडत होती. माझी सून नर्स आहे हे तुला माहीत आहे, पण गेली चार वर्षं ती मेंदू आणि मणक्याच्या वॉर्डात आहे हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बटणाचं वाचलं तेव्हा ती थांबली. चपलेचं वाचलं तेव्हा वळली. डाव्या हाताचं मी मोठ्या तोऱ्यात वाचलं, तर म्हणाली, "बाबा, त्यांना वाटतंय हात तयार होतोय. हात जातोय, बाबा."

तिनं सांगितलं तसं लिहितो. मान नुसती दुखते तोवर ती मानेची गोष्ट आहे. शेक, व्यायाम, हाडाचा डॉक्टर, काय हवं ते करा. पण दुखण्याबरोबर बोटं बधिर झाली, बारीक कामं जमेनाशी झाली, पायातून चप्पल गळाली, की मग मणक्याच्या आतून जी मुख्य नस जाते तिच्यावर दाब आलेला असतो. हातापायांची सगळी खबर त्या नसेतून मेंदूला जाते. आग तुला लागत नाही असं नाही कमर, आग लागल्याचं तुला कळत नाही. अशा माणसाच्या मानेला हिसका दिला तर तो जागेवरून उठेलच असं नाही. हे काम तेलाचं नाही, पट्ट्याचं नाही, पहिलवानाचं तर नाहीच. ते न्यूरोसर्जनचं आहे, आणि तेही लवकर.

तुझी खात्री पटावी म्हणून तिनं एक परीक्षा सांगितली आहे. सगीरानं तुझे डोळे बांधावेत आणि हातात एकदा गरम, एकदा गार पेला द्यावा. तू कोणता ते ओळखायचं.

पाचोडला मी तुला पाठवलं. हजारो कागद तपासले म्हणून फुशारकी मारणाऱ्या या गाढवानं पाठवलं. तू इकडे निघून ये. उमा तिच्या सर्जनशी बोलली आहे.

मुकुंद

---

औरंगाबाद, १५ नोव्हेंबर १९९६

श्री. मुकुंदराव धारूरकर यांसी,

तुमची तार आणि पत्र पोचलं.

महिन्यापूर्वी माझ्या हाताच्या गोष्टी बागेत सांगून छाती फुगवणारे तुम्हीच होतात. आता त्याच हाताला तुमच्या घरात आजार म्हणतात. सूनबाई शिकलेल्या आहेत, त्यांचा मी आदर करतो, पण भट्टी त्यांनी पाहिलेली नाही. आमच्या चार पिढ्यांनी पक्का हात काय असतो ते पाहिलंय. सरदारचाचांचा हात वीस वर्षं पक्का आहे. ते काय आजारी आहेत?

डोळे बांधून पेले ओळखायला मी लहान पोर नाही.

एवढंच विचारतो. हात आजारी असेल, तर माझ्या डोक्याला साफा कशाबद्दल बांधला? आजाराबद्दल? चाळीस माणसांनी उठून त्या हाताला सलाम केला, तो कशाला केला? माझ्याजवळ सगळ्या जन्माची कमाई म्हणून तेवढं एकच आहे. ते पत्रातून काढून घेऊ नका.

पाचोडला जाणार नाही. तेवढं तुमचं ऐकलं. भट्टी चालू आहे.

कमरोद्दीन

---

औरंगाबाद, १९ नोव्हेंबर १९९६

उमाताई,

मी सगीरा, कमरोद्दीन नानवाल्यांची मुलगी. आपली भेट नाही, पण मुकुंदकाकांना लिहिलेलं अब्बांचं पत्र मीच पेटीत टाकलं, आणि ते काय लिहून बसले असतील हे मला त्यांच्या तोंडावरून समजलं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमची परीक्षा अब्बांनी द्यायची नाही म्हणून सांगितलं. काकांचं पत्र मात्र त्यांनी फाडलं नव्हतं, गादीखाली ठेवलं होतं. ते मी वाचलं, आणि काल दुपारी एक गोष्ट मुद्दाम केली. मला त्याचं अजून वाईट वाटतंय.

ते भट्टीवरून आले होते. मी चहा चुलीवरून उतरवला आणि उकळता तसाच स्टीलच्या पेल्यात ओतला. माझ्या ओढणीचं टोक धरूनसुद्धा मला तो धरवत नव्हता. अब्बांनी तो सगळ्या पंज्यात घट्ट धरला, इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि मग म्हणाले, "काय गं, गार चहा आणलास?" मी काही बोलायच्या आत त्यांनी मोठा घोट घेतला.

जीभ भाजली. तोंडातला चहा सगळा कुडत्यावर सांडला. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, मग हाताकडं. मग पेला डाव्या हातात घेतला आणि तसाच धरून बसले. थोड्या वेळानं विचारलं, "कवा उतरवला व्हता?" मी म्हटलं, "आत्ताच, अब्बा." अम्मी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

तो चहा खरोखर गार होईपर्यंत ते हलले नाहीत. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "मुकुंदला लिही, मी येतो म्हनावं. पण साफ्याचं हितं कुनाला कळाया नको." ओल्या तळव्यावर लाल चट्टा उठला होता, तो त्यांना दिसत होता, पण कळत नव्हता.

शुक्रवारच्या बसनं आम्ही निघतो. मी सोबत आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा, आमच्या अब्बांनी नानशिवाय दुसरं काहीच केलेलं नाही. हात वाचवा.

सगीरा

---

पुणे, २२ फेब्रुवारी १९९७

प्रिय कमर,

तू गेल्यापासून घर रिकामं झालं. सव्वा महिना तू आमच्याकडे राहिलास आणि भानुमतीला मीठ कमी, तिखट जास्त अशी सवय लावून गेलास. आता मला बटाट्याच्या भाजीतही खलिया सापडतो.

रमझान तुझा भट्टीशिवाय गेला, याचं तुला किती लागलं असेल ते मी जाणतो. पण सर्जननी काय सांगितलं ते आठव. नसेवरचा दाब त्यांनी काढला. आता जे परत येईल ते हळूहळू येईल. डावा हात पूर्ण येईल, उजव्याची तीन बोटं येतील, राहिलेल्या दोन बोटांचं ते सांगू शकत नाहीत. आणखी दोन महिने उशीर केला असता तर पायही गेले असते, हे त्यांनी तुला सांगितलं नाही, मला आणि सगीराला बाहेर बोलावून सांगितलं. आज मी सांगतो, म्हणजे तू पुन्हा खड्ड्यातल्या भट्टीत डोकं घालणार नाहीस.

उमाबद्दल एक लिहायचं राहून गेलं. ऑपरेशनच्या दिवशी सर्जन बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "सिस्टर, पत्र ऐकून रोगी ओळखला, मला हे जमलं नसतं." मी तिथंच होतो. चार वर्षं ती कोणत्या वॉर्डात आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता बागेतले म्हातारे मला पाहिलं की पळतात, कारण मी दुसरं काही सांगतच नाही.

आता थोडं नाजूक. साफ्याचा विचार तू इथं अंथरुणावर पडून करत होतास, तो मला दिसत होता. माझं ऐक, कोणाला काही सांगू नकोस. मणक्याचं ऑपरेशन झालं एवढंच सांग. लोक साफ्याची इज्जत करतात, ती करू देत. कोणाचं काय नुकसान होतंय?

सगीराला आशीर्वाद. मेहरुन्निसावहिनींना नमस्कार.

तुझा
मुकुंद

---

औरंगाबाद, १७ एप्रिल १९९७

मुकुंद,

हात भाजला! उजवा, आणि लई भाजला.

तुम्हां लोकांच्या हुकमाप्रमाणं भट्टी आता जमिनीतून वर आली आहे. सगीरानं कागदावर काढून दिलं आणि गवंड्यानं कमरेएवढ्या ओट्यावर, तोंड पुढं करून बांधली. मी सरळ उभा राहून नान लावतो. शहागंजातले लोक आधी हसले, म्हणाले, कमर नान लावतोय की कपाट उघडतोय. हसू देत. मागच्या सोमवारी पहिला घाणा लावला, सळई विसरलो, सवयीनं हात घातला आणि असा ओरडलो की मेहरुन्निसा पाण्याची बादली घेऊनच धावत आली. ती हात पाण्यात बुडवायला ओढते, मी काढून काढून बघतोय. तीन बोटांवर फोड आले होते. दुखत होतं, मुकुंद. रडलो मी. मेहरुन्निसा बादली टाकून हसायला लागली, कित्येक महिन्यांनी हसली.

मग मला साफा खुंटीवर बघवेना. तुझा सल्ला मी दोन दिवस धरून ठेवला. कोणाचं काय नुकसान होतंय, असं तू विचारलंस. मी विचार केला तर उत्तर सापडलं. चाचांचा हात वीस वर्षं पक्का आहे असं मीच तुला रागानं लिहिलं होतं ना?

शुक्रवारी नमाजनंतर सगळे नानवाले बसतात, तिथं साफा घेऊन गेलो. उभा राहिलो आणि म्हटलं, "ज्या हाताबद्दल हा बांधला तो हात आजारी व्हता. मानेत नस दबली व्हती. पोरीनं हातात गरम पेला दिला का गार, ते वळखू येत नव्हतं. भाजलेलं कळत नव्हतं, त्याला मी हुन्नर समजलो. ज्याची मान दुखते आन् हात भाजत नाय, त्यानं माझ्यासारखं पहिलवानाकडं जाऊ नये. नसेच्या डॉक्टरकडं जावं." आणि फोड आलेला हात वर करून दाखवला.

कोणीतरी मागून म्हणालं, "हाथ कच्चा था तो था, अब दिमाग भी कच्चा हो गया." हशा झाला. चाचा हसले नाहीत. त्यांनी साफा उचलला आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. मी मोकळ्या डोक्यानं घरी आलो. पण मुकुंद, सिल्लोडला साफा घातला तेव्हासुद्धा मला स्वतःचं इतकं भारी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या दारात. एकटे. आत येऊन बसले, सगीराला म्हणाले, "तेरे दो गिलास ला बेटी." डोळे मिटून हात पुढं केला. तिनं गरम दिला, गार दिला, परत गरम दिला. चाचांनी तिन्ही वेळा गार म्हटलं.

मी विचारलं, "चाचा, मान?"

म्हणाले, "बरसों से."

"मग बोलला का नाही?"

"चौधरी कोन मानता फिर?"

त्यांच्या बाहीखाली कोपरापर्यंत जुने-नवे डाग होते. अख्खा शहागंज त्या डागांचं चुंबन घ्यायचा.

काल त्यांना घेऊन इथल्या नसेच्या डॉक्टरकडं गेलो. उमानं त्यांचं नाव दिलं होतं. चाचांचा हात पुरता परत येणार नाही, फार वर्षं गेली, पण पाय वाचतील असं डॉक्टर म्हणाले. ते नंतरचं. आधी खिडकीवर नाव नोंदवताना तिथल्या बाईंनी विचारलं, "कोणी पाठवलं? कोणत्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे?" चाचांनी माझ्याकडं बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांचं नाव लागतं हो." मी म्हटलं, "लिहा, कमरोद्दीन, नानवाला." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि लिहिलं.

चाचांच्या मागं रांगेत आमच्यातले आणखी तिघे उभे होते. शुक्रवारी हसला होता तोही. चौघांच्याही कागदावर तेच नाव आहे.

तुझा
कमर